सहासष्ट फूट

आमच्या दोन वर्गांमध्ये भिंत आहे, म्हणजे प्लायवूड.
पलीकडे चेलागाटबाईंचा इतिहास,
अलीकडे माझं बीजगणित.
इतिहास फार आवाज करतो.

परवा शेवटी गेलोच तक्रार घेऊन,
हातात खडू तसाच.
बाकं सगळी भिंतीला सरकवलेली,
बत्तीस मुलं फरशीवर बसलेली,
आणि किपसांग, ज्याला मी गेल्या सत्रात नापास केला,
डोक्यावर पातेलं पालथं घालून
साहेब होऊन उभा.
मला पाहून दचकला नाही.
मोडक्या स्वाहिलीत, साहेब बोलत असतील तशी, म्हणाला,
"तुझा अर्ज काय आहे?"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत.
अर्ज असा, मी म्हणालो, की जरा हळू बोला.
"पुढच्या महिन्यात ये."

माझे आजोबा किती पुढचे महिने गेले होते,
ते घरात कुणी मोजलं नाही.

मी निघालोच होतो.
पण तेवढ्यात चेप्टानुई उठली,
हातात गाय बांधायची दोरी.
तिला एकही वाक्य नव्हतं.
मोजणीदार बोलत नाही, बाई म्हणाल्या, मोजतो.
ती वीतभर वीतभर दोरी सोडू लागली
आणि माझ्या तोंडून निघून गेलं, सवयच ती,
चूक!
साखळी सहासष्ट फुटांची असते.
शंभर कड्या. ऐंशी साखळ्यांचा मैल.
मग माझीच पट्टी घेऊन, माझ्याच हातांनी
गाठी मारून दिल्या मी तिला,
नेमक्या.

वर्ग आमचा बावीस फुटांचा.
दोरी दारातून बाहेर, व्हरांडा ओलांडून
पार फुटबॉलच्या खांबापर्यंत गेली.
तिच्या कडेकडेनं चेप्टानुई खडू ओढत आली
नाकासमोर,
दप्तरांमधून, चपलांमधून,
दोघी मैत्रिणी टेकून बसल्या होत्या त्यांच्या मधून.
तिनं कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही.
हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

कोरिरचा हात रेषेत होता.
ती थांबली.
काही बोलली नाही, नुसती खडू धरून थांबली,
जणू तिला दुपारपर्यंत वेळ आहे.
कोरिरनं हात मागे घेतला.

मग जेवणाची घंटा झाली.
दार एका बाजूला. अर्धी मुलं दुसऱ्या.
उगालीचा वास येत होता, पोटं ओरडत होती,
आणि उठेना कुणी.
"नाटक संपलं," बाई म्हणाल्या, "चला, ओलांडा."
मागून कुणीतरी, अगदी हळू,
"बाई, पण आता ते त्यांचं आहे."

मी खिडकीकडे पाहिलं. पाहायला दुसरं काही नव्हतं.
केरिचोच्या टेकड्या,
त्यांवर चहाच्या ओळी, विंचरल्यासारख्या.
एकोणतीस वर्षं मी त्यांना हिरवळ म्हणत आलोय.

सत्र परीक्षेत प्रश्न आला:
जमिनी ताब्यात गेल्याचे परिणाम लिहा. गुण पाच.
कोरिरनं एकच ओळ लिहिली,
"माझा हात मध्ये होता, मी काढला, मला कुणी ढकललं नव्हतं."
बाई पेपर घेऊन माझ्याकडे आल्या.
आकडे तुमच्याकडे असतात, म्हणाल्या, सांगा किती देऊ.
उत्तरपत्रिकेत अपेक्षित मुद्दे पाच:
कर, मजुरी, राखीव क्षेत्रं, गुरं, स्थलांतर.
त्यातला एकही त्यानं लिहिला नव्हता.
मी अजून सांगितलेलं नाही.

दोरी माझ्याच वर्गात खिळ्याला आहे.
गाय बांधायला परत न्यावी
असं चेप्टानुईला दोनदा सांगून झालं.
रविवारी ती मीच पिशवीत घातली,
गावी गेलो,
आमच्या मागच्या दारापासून चहाच्या कुंपणापर्यंत लावून पाहिली.

पुरली.
वर अकरा कड्या उरल्या.